जुन्या खेळाचा सर्व्हर आपणच चालवायचा असेल तर

प्रश्न : आम्ही विक्रोळी-भांडुपकडचे दहा मित्र. कॉलेजात असताना ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ रात्र रात्र खेळायचो, तेही चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर. आता सगळे नोकरीला आहोत. पैसे भरून अधिकृत खेळही खेळून पाहिला, पण तो आपला खेळ वाटत नाही. जुन्या आवृत्तीचा सर्व्हर आपणच चालवावा असं डोक्यात आहे. जमेल का? कायद्यात बसतं का? आणि या कंपन्या खेळणाऱ्यांचं ऐकत का नाहीत?

उत्तर : जमेल. कायद्याचं उत्तर तितकं सरळ नाही, ते पुढे देतो. कंपन्यांवरचा तुमचा राग मला कळतो, पण त्यातला निम्मा राग योग्य जागी आहे आणि निम्मा नाही असं माझं मत आहे. सर्व्हर सांभाळणं हीच माझी नोकरी आहे आणि मित्रमंडळींसाठी जुन्या खेळांचे सर्व्हरही मी बरीच वर्षं चालवतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

ऑनलाइन खेळ विकत घेतला की आपल्या हातात खेळाचा एकच भाग येतो : आपल्या संगणकावर चालणारा क्लायंट. नकाशे, चित्रं, आवाज, पात्रांच्या हालचाली हे सगळं त्यात असतं. पण कुठल्या जंगलात कुठला लांडगा उभा आहे, तो किती वेळाने परत जन्मतो, त्याला मारल्यावर काय मिळतं, हे ठरवणारा भाग सर्व्हरवर असतो आणि तो कंपनी सहसा कुणाला देत नाही. शिवाजी मंदिरातल्या नाटकाचं नेपथ्य, कपडेपट आणि दिवे कुणी आपल्या घरी आणून ठेवावेत, पण नट आणि संहिता रोज संध्याकाळी मालकाच्या मर्जीने यावेत, अशी ही व्यवस्था आहे. मालकाने एक दिवस संहिता बदलली तर घरातल्या नेपथ्याचा उपयोग नाही.

पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. ‘क्वेक’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक १.६’चा सर्व्हर खेळणाऱ्यांनाच मिळायचा. मुंबईतल्या कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक चालायचा तो त्याच कॅफेतल्या एखाद्या मशीनवर. म्हणूनच तो आजही कुठेही, कुणाच्याही परवानगीशिवाय चालतो. त्याच्यासाठी कुणाला सह्यांची मोहीम काढावी लागली नाही. ज्या खेळांचा सर्व्हर कंपनीच्याच घरात राहिला, त्यांच्याच बाबतीत ही सगळी भांडणं झाली.

मग चाहत्यांचे सर्व्हर बनतात कसे? चोरलेल्या कोडवर, असा एक समज आहे. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. वॉरक्राफ्टच्या बाबतीत २००५ च्या सुमारास ‘मँगोस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. आज वापरात असलेले सीमँगोस, ट्रिनिटीकोर, ॲझरोथकोर हे सगळे त्याच घराण्यातले. अधिकृत सर्व्हरवर खेळताना क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात जे संदेश जातात-येतात ते लोकांनी पकडून ठेवले, कुठल्या क्रमांकाच्या संदेशाचा अर्थ काय ते उलगडलं, आणि तसेच संदेश पाठवणारा नवा सर्व्हर शून्यापासून लिहिला. क्लायंटला समोर खरा सर्व्हर आहे की हा, हे कळत नाही. क्लायंटमधल्या रेल्मलिस्ट या छोट्या फाइलीतला पत्ता बदलला की झालं.

पण संदेशांची भाषा कळली म्हणजे खेळ कळला असं नाही. रॅग्नारोससारखा बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, कुठल्या क्षणी काय करतो, एखादी तलवार शंभरातून किती वेळा पडते, हे क्लायंटच्या फायलींत कुठेच लिहिलेलं नसतं. पहिल्या एक्सपान्शनआधीची (खेळात घातलेल्या मोठ्या भरीआधीची) शेवटची मोठी आवृत्ती, १.१२, २००६ मधली. जानेवारी २००७ मध्ये ‘बर्निंग क्रुसेड’ आलं आणि ते मूळ सर्व्हर कायमचे गेले. त्यानंतर काम करणाऱ्यांनी जुने व्हिडिओ, त्या काळातल्या आकडेवारीच्या साइट, गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटांच्या, टिपणांचा आधार घेतला. जिथे काहीच सापडलं नाही तिथे अंदाज. फुकट केलेलं, रात्री जागून केलेलं काम आहे हे, आणि त्याची किंमत मला फार वाटते. एखाद्या गावातला पहारेकरी कुठल्या दिशेने चालायचा, याची खातरजमा करण्यासाठी धूसर व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहणारी माणसं या प्रकल्पांमध्ये आहेत.

या अंदाजांचा परिणाम २०१९ मध्ये दिसला. वॉरक्राफ्टची मालक कंपनी ब्लिझार्डने जुन्या खेळाची अधिकृत आवृत्ती, ‘क्लासिक’, चाचणीसाठी खुली केली तेव्हा खेळाडूंनी चुकांच्या तक्रारींचा पाऊस पाडला. शेवटी कंपनीला ‘या चुका नाहीत’ अशी यादीच प्रसिद्ध करावी लागली. टॉरेन जमातीच्या पात्रांचा आवाका इतरांपेक्षा थोडा मोठा असतो, ही त्यातलीच एक नोंद. मूळ खेळ तसाच होता. पण मधली वर्षं फॅन सर्व्हरवर खेळलेल्यांना त्या सर्व्हरचे अंदाजच अस्सल वाटू लागले होते.

आपल्याकडच्या खेळाडूंना हे आणखी लागू आहे. अधिकृत खेळाचं सदस्यत्व महिन्याला १५ डॉलर होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेसहाशे-सातशे रुपये. परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड कॉलेजातल्या पोराकडे कुठून असणार? भारतासाठी वेगळा रेल्म, म्हणजे खेळाच्या जगाची स्वतंत्र प्रत, तोही कधी नव्हता. एमटीएनएलच्या ट्रायबँडचा रात्री अमर्याद चालणारा प्लॅन, मित्राच्या हार्ड डिस्कवरून उतरवून घेतलेला क्लायंट आणि युरोपातला कुठलातरी फॅन सर्व्हर, इतकीच वाट आपल्याला उघडी होती. तेव्हा तुम्हाला जो ‘जुना खेळ’ आठवतो, तो कंपनीचा नसून त्या अनोळखी स्वयंसेवकांचा असण्याची शक्यता बरीच आहे. अधिकृत क्लासिक परका वाटण्याचं हेही एक कारण असू शकतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता कंपन्या. २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे ब्लिझार्डच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, एका खेळाडूने जुन्या सर्व्हरबद्दल विचारलं, तेव्हा कंपनीच्या जे. ॲलन ब्रॅक यांनी दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे : हवंय असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर तुम्हाला ते नकोय. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये फ्रेंच चाहत्यांच्या गटाने ‘नॉस्टॅलरियस’ सुरू केला. १० एप्रिल २०१६ रोजी ब्लिझार्डच्या वकिलांच्या पत्रामुळे तो बंद करावा लागला, तेव्हा त्याच्यावर सुमारे ८ लाख नोंदलेली खाती आणि दीड लाख सक्रिय खेळाडू असल्याचं त्या गटाने सांगितलं होतं. निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. नॉस्टॅलरियसच्या लोकांना कंपनीने कॅलिफोर्नियात बोलावून घेतलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लासिकची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो आला. म्हणजे ऐकलं, पण सहा वर्षांनी, आणि ज्यांनी मागणी सिद्ध करून दाखवली त्यांचा सर्व्हर बंद पाडून.

‘रूनस्केप’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच्या कंपनीने, जॅगेक्सने, लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि माणसं सोडून जाऊ लागली. कंपनीला ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप सापडला. त्यांनी मतदान घेतलं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. नवी कुठलीही गोष्ट खेळाडूंच्या ७५ टक्के मतांशिवाय आणायची नाही असा नियम त्यांनी घातला. बऱ्याच वर्षांनी तो ७० टक्क्यांवर आणला. आज हा जुना खेळ नव्यापेक्षा जास्त खेळला जातो. बॅकअप जपून ठेवला होता म्हणून हे होऊ शकलं. ब्लिझार्डला मात्र जुनी माहिती शोधून ती आजच्या इंजिनावर बसवावी लागली. ‘जुना सर्व्हर चालू करा’ हे म्हणायला सोपं आहे, पण दहा वर्षांपूर्वीचं कोड आजच्या यंत्रणेवर उभं करणं खरोखर कष्टाचं असतं. त्या बाबतीत कंपन्यांचं म्हणणं मी खोटं मानत नाही.

आणि राग अर्धा चुकीच्या जागी आहे असं का म्हणतो, तेही सांगतो. डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टच्या ३.३ आवृत्तीत डंजन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं एकत्र येणार, थेट गुहेच्या दारात. ही सोय खेळाडूंनीच मागितली होती. त्याआधी चॅटवर ओरडून माणसं गोळा करायची, मग सगळ्यांनी चालत जायचं, त्यात तास जायचा. कामावरून दमून आलेल्या माणसाला ते नको वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या तासाभरातच ओळखी होत होत्या. हा टँक (पुढे राहून मार झेलणारा) चांगला आहे, तो हीलर (इतरांना बरं करणारा) अर्ध्यात पळतो, हे सगळ्या रेल्मला माहीत असायचं आणि म्हणून माणसं नीट वागायची. फाइंडर आल्यावर परत कधीच न भेटणाऱ्या चौघांशी कोण बोलणार? प्रत्येक सोय एकेकटी बघितली तर शहाणपणाची होती. सगळ्या मिळून त्यांनी शेजार संपवला. यात कंपनीचा लोभ होताच, पण आपल्या मागण्याही होत्या.

ज्यासाठी मात्र कंपन्यांना माफी नाही असं मला वाटतं, ती गोष्ट वेगळी आहे : स्वतः खेळ बंद करायचा आणि दुसऱ्यालाही चालवू द्यायचा नाही. २०१४ साली आलेला ‘द क्रू’ युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, त्या दिवसापासून उघडेना. त्यातूनच रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातल्या नागरिकांच्या अर्जाने २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यांची मागणी साधी आहे : खेळ कायम चालवू नका, पण बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. हे अशक्य नाही. ‘मेरिडियन ५९’ आणि ‘रायझम’ यांचं कोड खुलं झालं. ‘नॉकआउट सिटी’ २०२३ मध्ये बंद करताना तिच्या निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतः चालवता येईल अशी आवृत्ती दिली. मधला मार्गही आहे. ‘एव्हरक्वेस्ट’च्या मालकांनी २०१५ मध्ये ‘प्रोजेक्ट १९९९’ या फॅन सर्व्हरशी लेखी समझोता केला. ‘सिटी ऑफ हीरोज’ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला, काही जण तो वर्षानुवर्षं गुपचूप चालवत होते हे २०१९ मध्ये उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यातून उभ्या राहिलेल्या ‘होमकमिंग’ला रीतसर परवाना दिला.

तुमचा खेळ मात्र जिवंत आहे, आणि मालक दक्ष आहे. त्यामुळे कायद्याकडे येऊ. मी वकील नाही, पण हा विषय नीट वाचलेला आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की एखादा प्रोग्राम ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याला आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढून घेता येते. इम्युलेटर, म्हणजे खऱ्या सर्व्हरसारखा वागणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना हा काहीसा आधार. पण ‘कायदेशीरपणे आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हार्ड डिस्कवरून फिरलेला क्लायंट त्यात बसत नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ आहे : हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. वर खेळाच्या अटींमध्ये इम्युलेटरला साफ मनाई आहे, आणि त्या अटी तुम्ही ‘मान्य’ केलेल्या आहेत. अमेरिकेत ब्लिझार्डच्या खेळांसाठीच्या ‘बीनेटडी’ या सर्व्हरचं कोड चाहत्यांनी स्वतः लिहिलं होतं, तरी २००५ मध्ये अपिलाच्या कोर्टात ब्लिझार्डच जिंकली. दहा मित्रांचा बंद सर्व्हरही त्यामुळे निर्धोक नाही. तो डोळ्यांवर येत नाही, एवढंच.

डोळ्यांवर येतात ते पैसे. २०१० मध्ये ‘स्केपगेमिंग’ या फॅन सर्व्हरच्या चालकाला अमेरिकन कोर्टाने ८.८ कोटी डॉलर भरायला सांगितले, कारण देणग्यांच्या नावाखाली खेळातल्या वस्तू विकून लाखो डॉलर कमावले होते. म्हणून माझा ठाम सल्ला : देणगी पेटी नको, दुकान नको, प्रवेश फी घेऊन स्पर्धा तर अजिबात नको, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ते वेगळंच संकट आहे. सर्व्हरच्या जाहिराती करायच्या नाहीत, क्लायंट डाउनलोडला ठेवायचा नाही, कंपनीचं नाव आणि चिन्ह वापरायचं नाही. खर्च दहा जणांत सारखा वाटून घ्या. ज्याने जास्त दिले त्याला जास्त हक्क, असं एकदा झालं की मंडळी फुटतात. चांगले सर्व्हर वकिलाच्या पत्राआधीच यामुळे बंद पडलेले आहेत.

आवृत्ती कुठली निवडायची? मन १.१२ कडे ओढ घेईल. पण त्यातल्या मोल्टन कोअर या मोहिमेला चाळीस माणसं लागतात आणि तुम्ही दहा आहात. ३.३.५, म्हणजे ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ची शेवटची आवृत्ती घ्या. त्या एक्सपान्शनमधली प्रत्येक रेड, म्हणजे मोठी सामूहिक मोहीम, दहा जणांना करता येते. त्या आवृत्तीसाठी ॲझरोथकोर सगळ्यात पिकलेला आहे, मदतीचं लिखाण भरपूर आहे, आणि एखाद्या रात्री सहाच जण आले तर उरलेली जागा भरायला बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेल्या, खेळाडूंचं मॉड्यूलही मिळतं. डंजन फाइंडर त्यातही आहे, पण सर्व्हर तुमचा असल्यामुळे तो बंद ठेवता येतो. ठेवाच.

मशीन मोठी लागत नाही. ४ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. बॉट खूप ठेवले तर ८ घ्या. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ऑफिसातून निघालेला जुना पीसी हे काम आरामात करतो. भाड्याची मशीन हवी असेल तर मुंबईतल्याच डेटा सेंटरमधली घ्या, महिना दोन हजारांच्या आसपास पडेल. युरोपातल्या सर्व्हरवर दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) सोसलेल्या माणसाला विक्रोळीहून मुंबईतल्याच मशीनचं पिंग बघून भरून येईल.

घरी ठेवणार असाल तर एक अडचण नक्की येईल. बहुतेक घरगुती ब्रॉडबँडवर आता स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. अख्ख्या सोसायट्या एकाच पत्त्यामागे असतात. बाहेरून कुणी जोडूच शकत नाही आणि आपण राउटरशी झगडत बसतो. स्टॅटिक, म्हणजे कायम एकच राहणाऱ्या, आयपीसाठी जादा पैसे देण्यापेक्षा दहाही जणांनी टेलस्केलसारखं खासगी जाळं उभं करावं. मग सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही. हल्लेखोर आणि अनोळखी पाहुणे, दोघांचाही प्रश्न मिटतो.

पहिल्यांदा उभारताना क्लायंटमधून नकाशे आणि रस्त्यांची माहिती काढावी लागते. त्यातला रस्त्यांचा भाग कित्येक तास चालतो. रात्री लावून झोपा. तीन डेटाबेस असतात : खाती, पात्रं आणि जग. जग पुन्हा उतरवता येतं, पहिली दोन गेली की गेली. त्यांचा बॅकअप रोज रात्री आपोआप निघायला हवा आणि तो त्याच मशीनवर राहता कामा नये. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, खरोखर लॉगिन करून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही, नोकरीतही नाही.

सर्वाधिकार, म्हणजे जीएमचं (गेम मास्टरचं) खातं, दोघांकडे असू द्या आणि ते खेळायच्या पात्रापासून वेगळं ठेवा. त्या खात्यावरून दिलेली प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये उतरते. तो लॉग सगळ्यांना वाचता येईल असा ठेवा. मित्रच आहोत, कशाला एवढं, असं वाटेल. पण एखाद्याला दुर्मीळ घोडा मिळाला आणि दुसऱ्याच्या मनात शंका आली, की तो लॉगच तुमची मैत्री वाचवतो.

शेवटचा निर्णय अनुभवाच्या, म्हणजे पात्राची पातळी वाढवणाऱ्या गुणांच्या, वेगाचा. सेटिंगच्या फाइलीत एक आकडा बदलला की पातळी दहापट वेगाने चढते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल, मला मुलं आहेत, लोकलमध्ये तीन तास जातात, पाचपट करूया. त्याचं म्हणणं खोटं नसेल. मग दुसरा म्हणेल, प्रवासाला फार वेळ जातो, टेलिपोर्ट द्या, क्षणात पोचू. तिसऱ्याला फाइंडर परत हवा असेल. हेच सगळं कंपनीकडे आलं होतं, आणि आता ते तुमच्याकडे येणार. म्हणून पहिलं पात्र बनवण्याआधी सगळे एकदा प्रत्यक्ष भेटा आणि वेग, फाइंडर, बॉट यांचे नियम कागदावर लिहा. माझ्या मते मूळ वेगाच्या दुप्पट ही नोकरदार माणसांसाठी कमाल मर्यादा. त्यापुढे वाटेतली गावं नुसती पळत मागे जातात. नंतर काही बदलायचं झालं तर दहापैकी आठ मतं हवीत, आणि सर्व्हर ज्याच्या घरी आहे त्याचंही मत एकच.